घसरणारा बोकड

मी कंधारहून लातूरला डॉक्टर व्हायला आलो होतो. दोन वर्षं तीन वेगवेगळ्या क्लासच्या बाकांवर बसलो. आता त्याच ट्यूशन एरियात माझं मेडिकल दुकान आहे. "पोरगा डॉक्टरांची अक्षरं वाचतो," असं अब्बा पाहुण्यांना अभिमानानं सांगतात. या दुकानाच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, धुरपताबाईंची मेस आहे. शिकत असताना मी तिथंच जेवायचो, त्यामुळं त्यांना मी अजूनही मावशी म्हणतो आणि त्या मला अजूनही नापास समजतात.

मावशीचं गाव निलंग्याच्या पुढं. भूकंपाच्या आधी दोन दिवस नवऱ्याशी, व्यंकटीशी, त्यांचं भांडण झालं. कशावरून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. चार वर्षांच्या बुद्धप्रियाला काखेत घेऊन त्या माहेरी निघून गेल्या, आणि म्हणून दोघी वाचल्या. व्यंकटी घरात होता. दगडमातीच्या भिंती हातभर रुंद होत्या. याहून जास्त त्या याबद्दल बोलत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही.

पुढचं मात्र त्या रंगवून सांगतात. गावाच्या जागी ढिगारे उरले आणि देशभरातून मदतीचे ट्रक आले. देणाऱ्यांची मनं मोठी होती, त्याबद्दल वाद नाही; फक्त कपाटं आवरण्याचा मुहूर्त त्यांनी तोच धरला होता. ट्रकमधून गळ्यातले टाय निघाले, बिनजोडीचे बूट निघाले, पोहण्याचे कपडे निघाले. आमच्या भागात पोहायचं कशात, हे देणाऱ्यानं लिहून दिलं नव्हतं. मावशी ताडपत्रीच्या रांगेत अर्धा दिवस उभ्या राहिल्या. नंबर आला तेव्हा एका पांढऱ्या शर्टातल्या माणसानं त्यांच्या हातात एक रंगीत खोकं ठेवलं. त्याच्यावर जपानी अक्षरं होती आणि एका बोकडाचं चित्र.

"मला ताडपत्री पायजे," मावशी म्हणाल्या.

"ताडपत्र्या संपल्या, बाई. एका कुटुंबाला एक वस्तू."

"हे काय हाय?"

त्यानं खोकं उलटसुलट पाहिलं. "विदेशी आहे," तो म्हणाला. "चांगलंच असणार."

यादीत कुणीतरी 'खेळणे, विजेवरचे, नग एक' असं लिहिलं आणि मावशीचा अंगठा घेतला. त्यांना सही येत होती, पण विचारायला वेळ कुणाला होता. तिथून पुढं दोन वर्षं मायलेकी पत्र्याच्या शेडमध्ये राहिल्या. शेडला वीज नव्हती. विजेवरच्या खेळण्याचा उपयोग त्यांनी उशाला ठेवण्यासाठी केला.

नंतर त्या लातूरला आल्या. तेव्हा शहरात एक नवीन पीक जोरात आलं होतं: पोरं. नांदेड, किनवट, इस्लापूर, उदगीर, जिथून एसटी सुटते तिथून पोरं येत होती आणि प्रत्येकाला डॉक्टर नाहीतर इंजिनीअर व्हायचं होतं. एका हॉलमध्ये तीनशे पोरं बसायची. निकाल लागला की चौकाचौकात फ्लेक्स लागायचे आणि पहिला आलेला एकच पोरगा तीन क्लासच्या फ्लेक्सवर हसायचा. शर्ट तेवढा वेगळा. या सगळ्या भावी डॉक्टरांना दोन वेळ जेवायला लागायचं, हे क्लासवाल्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मावशीच्या आलं. आधी दुसऱ्याच्या मेसमध्ये पोळ्या लाटल्या, मग तीन खोल्या भाड्यानं घेऊन स्वतःची मेस टाकली.

टीव्ही असला की पोरं टिकतात, म्हणून त्यांनी गंजगोलाईतल्या दस्तगीरभाईंकडून जुना टीव्ही घेतला. दस्तगीरभाई रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात. माणूस उंच, किडकिडीत, बोलण्यात दर वाक्याला एक सुस्कारा. टीव्ही बसवायला आले तेव्हा त्यांना कोपऱ्यातल्या अंथरुणाच्या उशाला ते खोकं दिसलं.

"बाई, हे काय उशाला घेऊन राहिल्या? व्हिडिओ गेम हाय हा!"

"असंल. आमाला भूकंपात मिळाला."

दस्तगीरभाईंनी अ‍ॅडाप्टर बदलला, दोन तारा जोडल्या, कॅसेट फुंकून आत दाबली. पडद्यावर डोंगर आला आणि डोंगराच्या पायथ्याशी एक बोकड उभा राहिला. गळ्यात घंटा. त्याचं नाव याग्गी. त्याला एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर उड्या मारत शिखरावर न्यायचं, वाटेत कोल्हे, गिधाडं, सुटणारे दगड. तीन वेळा मेलं की परत पायथ्याशी. बस, एवढाच खेळ.

दस्तगीरभाई पहिल्याच दरीत मेले. मग मावशीनं पदराला हात पुसले आणि रिमोट घेतला. लग्नाआधी त्यांनी नऊ वर्षं शेळ्या राखल्या होत्या. "मला बघताच कळलं," त्या सांगतात, "ज्यानं हे बनवलं, त्यानं बोकड बघितलेला हाय. बोकड उडी मारायच्या आधी एकदा थांबतो, मागचे पाय आवळतो, आणि जिथं टेकला तिथं टेकला. घसरत न्हाई. हा पण घसरत न्हाई."

त्या दिवसापासून दुपारी दोन ते चार मेसमध्ये बोलायला बंदी झाली. पोरं क्लासला, भांडी घासून पालथी, आणि मावशी डोंगरावर. पुढं दस्तगीरभाईंनी हैदराबादेहून याग्गीचा दुसरा भाग आणला, मग तिसरा. तिसऱ्यात बर्फाचा डोंगर होता. तो चढायला मावशीला दोन वर्षं लागली. त्याच दोन वर्षांत मी भौतिकशास्त्र चढत होतो. शिखरावर कोण पोचलं, हे सांगायची गरज नाही.

तिसऱ्या भागानंतर कंपनीनं याग्गी बंद केला. का, ते कुणाला माहीत नाही. मावशीनं काही वर्षं दस्तगीरभाईंना विचारलं, "चौथा आला का?" मग विचारायचं सोडलं आणि तेच तीन भाग परत परत खेळत राहिल्या. दरम्यान बुद्धप्रियानं नांदेडला इंजिनीअरिंग केलं आणि पुण्याला एका कंपनीत लागली. काय काम करतेस, असं विचारलं की ती "टेस्टिंग" म्हणायची. मावशी आम्हाला सांगायच्या, "पोरगी तपासनीस हाय." ऐकणाऱ्याला वाटायचं, एसटीत आहे.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या पुढच्या वर्षीची दिवाळी. पोरं घरी गेली होती, मेस बंद होती. बुद्धप्रिया पुण्याहून आली ती एक काळं मशीन घेऊन. तिनं ते नव्या टीव्हीला जोडलं आणि आईला पाटावर बसवलं. मला आणि दस्तगीरभाईंना मुद्दाम बोलावणं होतं. मी दुकानाला कुलूप लावलं, दस्तगीरभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले. मावशी नवीन लुगडं नेसल्या होत्या. एखाद्या घरी मुलगी बघायला पाहुणे यावेत, तसं वातावरण.

"माय, डोळे उघड," बुद्धप्रिया म्हणाली.

पडद्यावर डोंगर. पायथ्याशी बोकड. गळ्यात घंटा. वर लिहिलेलं: 'याग्गी रिटर्न्स'. खाली एक ओळ होती, ती बुद्धप्रियानं वाचून दाखवली: जुन्या चाहत्यांसाठी, जुन्याच पद्धतीनं, प्रेमानं बनवलेला खेळ.

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी रिमोट कपाळाला लावला आणि बटण दाबलं.

आधी बोकड बोलायला लागला. वीस वर्षं न बोललेला बोकड. तो थांबून आपल्या बालपणाबद्दल सांगत होता. आई कशी हरवली, डोंगराची आठवण कशी येते. बुद्धप्रिया भाषांतर करत होती.

"हा कधी उडी मारणार?" मावशीनं विचारलं.

"आता मारेल, माय."

बोकड आणखी दोन मिनिटं बोलला. मग एक मोठा पिवळा बाण आला आणि पुढची दरी कुठं आहे ते दाखवू लागला. दरी समोरच होती. न दिसायला ती काय क्लासची फी वाढ होती? मावशीनं बाणाकडं दुर्लक्ष केलं, बरोबर जागेवर बोकडाला थांबवलं, उडी मारली. बोकड पलीकडच्या कड्यावर टेकला. आणि घसरला. साबणावर पाय पडल्यासारखा वीतभर पुढं गेला आणि दरीत पडला.

मावशीनं परत उडी मारली. परत टेकला, परत घसरला.

"असू दे," बुद्धप्रिया घाईनं म्हणाली, "यात कितीही वेळा मेलं तरी चालतं. जीव मोजत नाहीत आता."

"मग भ्यायचं कशाला?" मावशी म्हणाल्या.

या प्रश्नाचं उत्तर इंजिनीअरिंगला नसतं. पुढं गेलो तर पहिला डोंगर हा पहिल्या भागातलाच डोंगर निघाला. फक्त कोल्ह्याच्या जागी लांडगा. दुसरा डोंगर दुसऱ्या भागातला. जुन्या खेळातली चौकोनी ठिपक्यांची चित्रं तेव्हा मशीनच गरीब होतं म्हणून तशी असायची. इथं श्रीमंत मशीनवर ठिपके मुद्दाम मोठे करून वर चकचकीत ऊन पाडलं होतं, फाटकी गोधडी शोरूममध्ये टांगावी तसं. घंटेचा आवाज गेला होता आणि त्याच्या जागी शंभर व्हायोलिनं रडत होती. मध्येच एक दुकान आलं, तिथं बोकडाला टोप्या मिळत होत्या.

"टोपी घातल्यावर घसरायचा थांबतो का?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

"नाही, चाचा. नुसती दिसायला."

मावशीनं रिमोट खाली ठेवला. "क्लासवाले करतात तेच हे," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षीचा पेपर घ्यायचा, आकडे बदलायचे आणि नवीन नोट्स म्हणून द्यायच्या. आणि आकडे पण चुकवलेत."

बुद्धप्रियाचा चेहरा उतरला. "माय, लोकांनी तीन वर्षं मेहनत केली असेल याच्यावर."

"तीन वर्षांत यातल्या एकाला पण बोकड बघायला सवड मिळाली न्हाई?"

दस्तगीरभाईंना वाटलं, आपण मध्ये पडून वातावरण हलकं करावं. त्यांनी सुस्कारा टाकला. "आपलं वय झालं, बाई. खेळ तोच असंल, बोटं थकली असतील."

हे बोलायला नको होतं. मावशी उठल्या, कपाटातून जुनं मशीन काढलं, तिसरी कॅसेट फुंकून आत दाबली आणि बर्फाचा डोंगर, जो चढायला त्यांना कधीकाळी दोन वर्षं लागली होती, तो पाऊण तासात एकही जीव न गमावता चढून दाखवला. शिखरावर घंटा वाजली. मावशीनं दस्तगीरभाईंकडं नुसतं पाहिलं. दस्तगीरभाई चहा न घेता गेले.

बुद्धप्रिया चार दिवस राहणार होती. दुसऱ्याच दिवशी दुपारच्या गाडीनं गेली. ऑफिसमधून फोन आला, म्हणाली. मी काही फोन वाजलेला ऐकला नाही.

संध्याकाळी मावशी दुकानात आल्या. "अकरम, पोरीचं काय बिनसलं?"

"मावशी, भेट आणली होती तिनं. एवढं लागट बोलायला नको होतं."

"मग खोटं बोलू? लई छान हाय म्हणू? तुला पास हुशील म्हणत होते ना सगळे? काय झालं?"

मी त्यांना डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या. त्यांनी मागितल्या नव्हत्या.

पण मावशीचा स्वभाव असा की ताटात वाढलेलं टाकायचं नाही, मग ते कितीही बेचव असो. पोरीनं आणलंय तर संपवायचं, असं ठरवून त्या रोज दुपारी तो खेळ खेळत बसल्या. पोरं परत आली, मेस सुरू झाली. दोन ते चार रस्त्याच्या पलीकडून मला त्यांचा आवाज यायचा. पूर्वी त्या वेळेत शांतता असायची. आता त्या बोकडाला शिव्या घालायच्या. बोकड आपल्या आईबद्दल बोलू लागला की म्हणायच्या, "तुझी माय बरी, तुला सोडून गेली."

पंधराव्या दिवशी त्या दारात आल्या आणि रस्त्याच्या पलीकडून ओरडल्या, "अकरम! पळ!"

मला वाटलं, कुणी भाजलं. गिऱ्हाइकाला तसंच सोडून धावलो. मावशी टीव्हीसमोर उभ्या होत्या. खेळ संपला होता आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी नावं खालून वर सरकत होती. शेकडो नावं.

"गेलं," मावशी म्हणाल्या. "प्रियाचं नाव होतं."

"इथं? मावशी, दुसरं कुणाचं असेल."

"तिच्या सगळ्या मार्कमेमो माझ्या पेटीत हायत. तिचं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते मला शिकवू नकोस."

नावं मागं नेण्याची सोय नव्हती. टोप्यांचे चाळीस प्रकार देणाऱ्यांना तेवढं सुचलं नव्हतं. परत बघायचं तर शेवटच्या राक्षसाशी परत लढायचं. मावशी बसल्या आणि लढल्या. या वेळी नाव आलं तेव्हा मी मोबाइल काढेपर्यंत ते वर गेलं. मावशीनं माझ्याकडं जे पाहिलं ते मी इथं लिहू शकत नाही. त्या परत बसल्या, तिसऱ्यांदा राक्षस मारला, आणि मी फोटो घेतला.

अगदी शेवटी, कंपनीच्या लोकांना जेवण पुरवणाऱ्यांच्या खाली, 'अतिरिक्त तपासणी' अशा मथळ्याखाली अकरा नावं होती. सातवं: बुद्धप्रिया व्ही. कांबळे. त्यातलं एक 'डी' गाळलेलं.

"जेवणवाले वर हायत," मावशी म्हणाल्या. "ते बरोबर हाय. पण पोरीचं अक्षर खाल्लं मेल्यांनी."

मग त्या बराच वेळ त्या फोटोकडं बघत बसल्या. गिऱ्हाईक माझ्या नावानं हाका मारून निघून गेलं. शेवटी त्या म्हणाल्या, "लाव तिला फोन. आवाज मोठा कर, मला त्या बटणातलं कळत न्हाई." व्हिडिओ गेमचे तीन डोंगर चढलेल्या बाईला स्पीकरचं बटण कळत नव्हतं, असं आपण समजू. मला वाटतं, त्यांना कुणीतरी सोबत हवं होतं.

"हां, माय," बुद्धप्रियाचा आवाज आला.

"तुझं नाव बघितलं."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तू शेवटपर्यंत खेळलीस?"

"तीनदा. सांगितलं का न्हाईस?"

"कंपनीनं सही घेतली होती, खेळ बाजारात येईपर्यंत घरी पण बोलायचं नाही. नंतर सांगणार होते. त्या दिवशी… सगळं झाल्यावर नाव दाखवणार होते. पण तू पहिल्या डोंगरावरच…"

"हं."

"माय, त्या घसरण्याबद्दल मी लिहून दिलं होतं. एकदा नाही, एक्केचाळीस वेळा. ते म्हणाले, असंच ठेवायचं आहे, आजकालच्या पोरांना असं आवडतं."

"कोण म्हणालं?"

"साहेब."

"त्यानं बोकड बघितलाय का?"

बुद्धप्रिया हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. मावशी थांबल्या. पोरीचं रडणं पूर्ण होऊ दिलं, मध्ये 'रडू नको' वगैरे काही म्हणाल्या नाहीत.

"तुझं काम कोणतं होतं त्यात? नीट सांग."

"चुका शोधायच्या. आम्ही शोधायच्या, त्यांनी दुरुस्त करायच्या. माझ्या बहुतेक त्यांनी केल्याच नाहीत. एक केली. तिसऱ्या डोंगरावर शिखराच्या अलीकडं एक सुटा दगड आहे बघ. बोकड त्याच्यातून आरपार जायचा आणि खेळ अडकून बसायचा. तो मी पकडला."

मावशीनं डोळे मिटले. तिसरा डोंगर आठवत असाव्यात.

"तो दगड पक्का हाय," त्या म्हणाल्या. "त्याच्यावर पाय घसरत न्हाई. मी तिथं थांबून दम घ्यायची." मग एकदम: "खेळ भिकारच हाय, प्रिया. तो चांगला हाय असं मी म्हणणार न्हाई."

"नको म्हणूस," बुद्धप्रिया म्हणाली. तिचा आवाज आता बरा होता.

यानंतर त्या दोघींचं दर रविवारी याच विषयावर बोलणं होऊ लागलं. मावशी चुका सांगायच्या, बुद्धप्रिया म्हणायची, "ही आम्हाला सापडली होती," किंवा "ही नाही सापडली, थांब, लिहून घेते." पुढच्या उन्हाळ्यात तिनं ती नोकरी सोडली. आता ती बँकेचं सॉफ्टवेअर तपासते. तिथं कुणी उड्या मारत नाही, पगारही बरा आहे. तिचा आधीचा साहेब अजून त्याच कंपनीत आहे आणि आता मोठ्या खुर्चीवर आहे, असं ती सांगते.

जगभरातल्या जुन्या चाहत्यांनीही बराच आरडाओरडा केला होता. त्याचा परिणाम होऊन सहा महिन्यांनी कंपनीनं सुधारित खेळ पाठवला. त्यात आठ नवीन टोप्या होत्या. बोकड आता वीतभर घसरायचा तो चार बोटं घसरू लागला. मावशीनं प्रामाणिकपणे तोही पूर्ण खेळला आणि मग वही घेऊन माझ्या दुकानात आल्या. सतरा चुका. मी त्या इंग्रजीत उतरवल्या आणि कंपनीच्या ईमेल पत्त्यावर पाठवल्या. माझ्या इंग्रजीचा दोन वर्षांच्या क्लासनंतर झालेला हा पहिलाच उपयोग. एका मिनिटात उत्तर आलं.

"वाच," मावशी म्हणाल्या.

मी वाचलं. कंपनीला अतिशय आनंद झाला होता. धुरपताबाईंना खेळ इतका आवडला हे ऐकून सगळ्या टीमला हुरूप आला होता. त्यांनी आपल्या मित्रमैत्रिणींनाही तो घ्यायला सांगावा, अशी विनंती होती.

मावशीनं वही मिटली. "दुसऱ्या कुणाचं उत्तर आपल्याला आलं असंल," त्या म्हणाल्या, आणि पाचची बॅच सुटायची वेळ झाली होती म्हणून डाळ टाकायला रस्ता ओलांडून गेल्या.